साबांची मालिका, नवऱ्याचं कार्टून आणि साडेतीन वर्षांचं पोर: बंद काय करायचं?

कोथरूडकरीण

घरात साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा), आम्ही दोघं, मुलगा साडेतीन वर्षांचा आणि मुलगी अकरा महिन्यांची. मुलगा साडेबाराला बालवाडीतून येतो. तेव्हापासून आम्ही सातला घरी पोचेपर्यंत दोन्ही मुलं साबा-साबुंकडे. मदतीला बाई आहे, ती दोनला जाते.

टीव्ही असा चालतो: दुपारच्या जेवणाला यूट्यूबवरची बडबडगीतं. साडेचार ते सहा कार्टून वाहिनी. सात ते साडेनऊ साबांच्या मालिका, मधेमधे साबुंच्या बातम्या. या मालिकांत एक पौराणिक आणि एक गुन्ह्यांची. मुलगा मांडीवर बसून सगळं बघतो, मुलगी खाली सतरंजीवर.

माझं म्हणणं, गुन्ह्यांची मालिका आणि पौराणिकातल्या मारामाऱ्या मुलासमोर नकोत. साबु म्हणतात, "देवाधर्माचं चालत नाही आणि तो जपानी कार्टा आईला उलट बोलतो ते चालतं?" (शिन-चॅन. नवराच लावून देतो.) साबा म्हणतात, तो बघत नाही, नुसता बसतो; आणि टीव्ही बंद केला तर जेवेल का? नवऱ्याचं एकच पालुपद, आम्हीपण टीव्ही बघूनच मोठे झालो.

"टीव्ही वाईट" एवढंच लिहू नका, ते मलाही म्हणता येतं. आधी काय बंद करायचं, कसं, आणि साबा-साबुंशी वाकडं न येता हे कोणी बोलायचं, ते सांगा.

---

अंगणवेल

साबुंचा मुद्दा बिनतोड आहे. आधी तो मान्य करा.

शिन-चॅन लहान मुलांसाठी जन्मलेलंच नाही. १९९० साली जपानमध्ये ते मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झालं. आईबापांची फजिती बघून मोठ्या वाचकाने हसावं, हा त्यातला विनोद. आपल्याकडे २००८ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली होती, पुढे काटछाट करून ते परत आलं. साडेतीन वर्षांच्या मुलाला उपहास कळत नाही. उलट बोललं की सगळे हसतात, एवढंच त्याला दिसतं, आणि तेवढंच तो उचलतो. तेव्हा पहिलं बंद व्हायचं ते हे, आणि साबुंसमोर "बाबा, यात तुमचं बरोबर होतं" असं म्हणून. तुमच्या बाजूचं काहीतरी आधी जायला हवं. नाहीतर मालिकेचा विषय काढलात की तो सुनेचा हट्ट ठरेल.

आता पौराणिक. इथे विषयापेक्षा तो सांगायची रीत महत्त्वाची. आजोबा तोंडी गोष्ट सांगतात तेव्हा नृसिंहाने हिरण्यकश्यपूला मारलं हे एका वाक्यात होतं. पोराचा चेहरा बघून ते आवाज चढवतात, उतरवतात, घाबरलं तर चटकन प्रल्हादाकडे वळतात. मालिकेत तोच प्रसंग पाच-पाच मिनिटं रेंगाळतो, तीन बाजूंनी दिसतो, वर कानठळ्या बसवणारं संगीत. साधारण सहा वर्षांपर्यंत मूल दिसण्याला आणि आवाजाला घाबरतं: विद्रूप चेहरा, मोठे दात, अचानक आलेला दणका. "ते खोटं असतं रे" या वयात लागू पडत नाही. जवळ घेणं, दिवा लावणं, हातात दुसरं काही देणं लागू पडतं. सात-आठच्या पुढे चित्र उलटतं. राक्षसाचं काही वाटत नाही, पण "ही सत्यघटना आहे" म्हणणाऱ्या निवेदकाने झोप उडते. तुमच्या मुलाला गुन्ह्याची कथा कळत नसेल, किंकाळी आणि रडणारी बाई मात्र पुरेपूर कळते. त्यामुळे "नुसता बसतो" हे अर्धंच खरं.

बातम्यांचं वेगळंच. पडणारी एकच इमारत अर्ध्या तासात दहा वेळा दाखवली, तर लहान मुलाच्या लेखी दहा इमारती पडल्या. तो विचारणारही नाही, म्हणून लक्षात येत नाही.

वाद सोडवायला एक तिऱ्हाईत साक्षीदार आहे. टीव्हीवर मालिकेखाली वय लिहिलेलं नसतं, पण तीच मालिका त्या वाहिनीच्या ॲपवर उघडा. २०२१ च्या नियमांनंतर ॲपवर प्रत्येक कार्यक्रमाला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असा शिक्का द्यावा लागतो. साबुंच्या हातात फोन देऊन त्यांनाच बघू द्या. १३+ दिसलं तर तुम्हाला काही बोलावं लागत नाही. उलट एखाद्या पौराणिक मालिकेला यू असेल, तर ती त्यांच्या मांडीवर बसून बघायला तुम्हीही हरकत घेऊ नका.

मुलाचं कार्टून निवडताना दहा मिनिटं स्वतः बसून बघा. एका मिनिटात चित्र किती वेळा बदलतं ते मोजा. २०११ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटं वेगवान कार्टून, काहींना संथ कार्यक्रम, बाकीच्यांना कागद आणि रंग. वेगवान कार्टूनमध्ये दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं, संथ कार्यक्रमात दर ३४. लगेच नंतरच्या चाचण्यांत, म्हणजे धीर धरणं, सूचना लक्षात ठेवून पाळणं यांत, वेगवान गट मागे पडला. लक्षात घ्या, हा परिणाम लगेचचा मोजलेला आहे, कायमचा नव्हे. तरी साडेचारला भगभगतं कार्टून आणि सहाला पोर आवरत नाही, या तक्रारीचा एक धागा इथे लागतो. वेगाखेरीज मारलेल्याला लागतं का, आणि चिडवणाऱ्याला शेवटी कोणी थांबवतं का, एवढं बघा. नक्कल याच दोन गोष्टींची होते.

---

पिकलं_पान

सगळं शास्त्रशुद्ध आहे. आता मांडीवर पोर घेऊन बसणाऱ्या माणसाची बाजू.

दोन ते सात म्हणजे पाच तास, एक धावणारं आणि एक रांगणारं मूल, आणि सांभाळणाऱ्यांचे गुडघे सत्तरीचे. या घरात टीव्ही करमणुकीसाठी नाही, मुलाला एका जागी बसवण्यासाठी चालतो. तो काढून घ्यायचा तर ते काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. बाईची वेळ बदला: सकाळचे दोन तास कमी करून चार ते सहा ठेवा. तेवढ्यात ती मोठ्याला सोसायटीच्या आवारात फिरवून आणेल, आजी धाकटीजवळ बसेल. साडेचार ते सहाचं कार्टून निम्मं तिथेच संपलं.

उरलेल्या वेळाला हाताला काम द्या. मेथी निवडणं, पाटीवर ओला बोळा फिरवणं. मळलेल्या कणकेचा गोळा: दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, हळदीचा रंग. मिठामुळे फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, आणि खारट असल्याने पोर सहसा खात नाही. शेंगदाणे, चणे, मणी मात्र खेळायला नकोत. मोठा नाकात घालतो आणि धाकटी थेट तोंडात.

आणि बोलणार कोण? साबा-साबुंशी तुमच्या नवऱ्याने बोलायचं. त्यांचा मुलगा तो आहे. तुम्ही बोललात तर विषय टीव्हीचा राहत नाही. व्हॉट्सॲपवर लेख तर अजिबात पाठवू नका. "आमचं चुकतं असं सुनेने सांगितलं" याशिवाय त्यातलं काहीही पोचत नाही.

नवरा जे म्हणतो त्याला उत्तर: तेव्हाचा टीव्ही संपायचा. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, पुढची कितीतरी वर्षं संध्याकाळचे काही तासच चालायचं. 'किलबिल' लागायचं, संपायचं, मुलं खाली खेळायला पळायची. बंद करायला कोणाला वाईट व्हावं लागत नव्हतं.

---

वजनकाटा

जेवणाचं स्वतंत्र लिहिते, कारण खरी गाठ तिथे आहे. "पोर उपाशी राहील" ही आजीची भीती गेली नाही तर बाकीचं काही हलणार नाही.

टीव्हीसमोर घास जातो कारण मुलाचं घासाकडे लक्षच नसतं. भूक आहे की पोट भरलं हेही त्याला कळत नाही. म्हणून काही मुलं जास्त खातात, तर काही घास गालात धरून बसतात आणि जेवण तासभर चालतं. टीव्ही काढण्याआधी मूल जेवायला बसतं तेव्हा त्याला भूक असते का ते तपासा. दोन दिवस सगळं लिहून काढा, पेल्याच्या मापासकट. बहुतेक घरांत हे निघतं: सकाळी मोठा पेला दूध, बालवाडीतून आल्याआल्या बिस्किटं, झोपून उठल्यावर परत दूध, रात्री झोपताना आणखी. दिवसाचं दूध ४०० ते ५०० मिलीच्या पुढे गेलं की भूक मरते, आणि दुधात लोह नगण्य असल्याने रक्तही कमी होतं. दूध दोन वेळा, प्रत्येकी २०० मिलीच्या आत. जेवणाआधी दोन तास पाण्याखेरीज काही नाही. बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर.

हे आठवडाभर चालवा, मगच टीव्हीला हात लावा. तोही आधी दुपारी नव्हे. ज्या जेवणाला भूक सगळ्यात कडक असते तिथून सुरू करा. बऱ्याच मुलांची ती सकाळच्या न्याहारीला असते. दुपारचं जेवण शेवटी, कारण बालवाडीतून आलेलं पोर झोपेला आलेलं असतं आणि तेव्हा भांडण नक्की होतं. आधी पंधरा मिनिटं पाय पसरून बसू द्या, मग ताट.

ताटात कमी वाढा: अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, चार चमचे वरणभात. संपलं तर परत मागेल. वीस-पंचवीस मिनिटांनी, खाल्लं असो-नसो, ताट उचला. आणि उचलल्यावर अर्ध्या तासाने "चल, निदान शेवयांची खीर खा" असं करायचं नाही. बेत फसतो तो इथेच. मुलाला कळतं की जेवण नाकारलं की खीर येते. पहिले तीन-चार दिवस तो खरंच कमी खाईल. आजीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी रिमोट हातात जाणार नाही.

आजीच्या समाधानासाठी वजन लिहा. दोन ते पाच या वयात मूल वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं, उंची सहा ते आठ सेंटिमीटर. म्हणजे महिन्याला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. दर आठवड्याला वजन केलंत तर नुसता घोर लागेल. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, कमी कपड्यांत. आकडा वाढीच्या आलेखात टाका आणि पुढच्या लसीला जाताना आजीला बरोबर न्या. "टीव्ही न बघता जेवला तर वजन कमी होईल का?" हा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू देत.

वेळेचं मोजमाप: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं, दोनच्या आतल्यांना अजिबात नाही. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते, फक्त दोनच्या आत नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलची सूट देते. या हिशेबाने सतरंजीवरच्या मुलीचा प्रश्न मुलाइतकाच मोठा आहे. ती टीव्ही "बघत" नाही हे बरोबर. पण टीव्ही चालू असला की मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात, आणि बाळ हातातलं खेळणं लवकर टाकून देतं. अकरा महिने म्हणजे शब्द गोळा करायचा काळ. तिला टीव्हीपासून वाचवायचं म्हणजे खोली बदलायची, एवढंच.

---

ॲन्टेना

यंत्राची बाजू. आधी टीव्हीला सिग्नल कुठून येतो ते ओळखा, कारण कुलपं वेगवेगळी असतात. टीव्हीत मुलांची प्रोफाइल करून लोक निर्धास्त होतात आणि पोर सेट-टॉप बॉक्सवरून सगळं बघतं. गूगल टीव्हीची मुलांची प्रोफाइल ॲपना आवर घालते (रोजची मर्यादा, झोपायची वेळ, पिन), पण एचडीएमआयला लावलेल्या बॉक्सवर तिची सत्ता चालत नाही.

बॉक्स: मेनूमध्ये वाहिनीनिहाय कुलूप असतं. कंपनीने दिलेला पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असा, तो बदला. पण साबा-साबु घरी असताना त्यांच्या मालिकेला कुलूप लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यापेक्षा फेवरिटची यादी करा, त्यांच्या आठ-दहा वाहिन्या आणि मुलाची एकच. २०१९ पासून वाहिन्या सुट्या घेता येतात. नको असलेली कार्टून वाहिनी पॅकमध्ये असेल तर पॅक मोडून बाकीच्या सुट्या घ्याव्या लागतील. आधी बेरीज करा, कधीकधी महाग पडतं. भाषा: रिमोटवर ऑडिओ किंवा भाषेचं बटण असतं. काही कार्टून वाहिन्यांवर मराठी आवाजही मिळतो. पोर हिंदीतच भांडतं ही आजोबांची तक्रार असेल तर हे आधी बघा.

यूट्यूब: टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये तुमच्या खात्याखाली मुलाची प्रोफाइल तयार करा. आशय निवडताना वयोगटावर न थांबता "स्वतः मंजूर करा" हा पर्याय घ्या. मग तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल दिसतात, शोधही बंद होतो. वीसेक व्हिडिओ पुरेत. लहान मुलांना तेच ते हवं असतं. ऑटोप्ले प्रत्येक उपकरणावर वेगळं बंद करावं लागतं, टीव्हीवर केलं म्हणून फोनवर होत नाही.

आवाज: सात ते साडेनऊचा खरा उपाय हेडफोन. मुलगी त्याच खोलीत असली तरी निदान किंकाळ्या आणि दणके थांबतात. टीव्हीत ब्लूटूथ असेल तर थेट जोडा. नसेल तर हेडफोनच्या किंवा ऑप्टिकल भोकात ब्लूटूथ ट्रान्समीटर लावायचा. दोघांना एकदम ऐकायचं असेल तर दोन हेडफोन एकाच वेळी घेणारा ट्रान्समीटर मागा, साधा एकालाच देतो. स्वस्त जोडीत आवाज ओठांच्या मागे पडतो. ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्ही लो-लेटन्सीवाले असतील तरच हे टळतं, एकच असून भागत नाही. आवाज चाळीसवर ठेवावा लागत असेल तर आधी साबुंचे कान तपासून घ्या.

मालिकांचं पुनःप्रसारण दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी असतंच. मुलगा साडेबाराला येतो, म्हणजे साबांना सकाळी निवांत बघता येईल. संध्याकाळी एकच मालिका "ताजी" ठेवा. अडीच तासांचा अर्धा तास होतो, आणि त्या अर्ध्या तासात मुलं तुमच्याकडे.

---

कोथरूडकरीण

आभार. नवऱ्याने साबुंना शिन-चॅन बंद झाल्याचं सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली, पण रिमोट टेबलावर ठेवला. यू/ए चा शिक्का बघून गुन्ह्यांची मालिका सकाळवर जायला साबाही तयार आहेत. पौराणिक मात्र रात्री आठलाच हवी, "ताजीच हवी" म्हणतात.

अडचणी दोन. टीव्ही बंद करताना मुलगा जमिनीवर लोळतो, की साबांना दया येते. आणि टीव्हीवर मुलाची प्रोफाइल केली, पण साबांच्या फोनवरून कास्ट केलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

---

अंगणवेल

"पाच मिनिटं राहिली" याला या वयात अर्थ नाही. भाग मोजा: "हा आणि अजून एक, मग बंद." मधेच कधीही बंद करायचं नाही, भाग संपल्यावरच. पाच-सात मिनिटांचे भाग असलेलं कार्टून निवडलंत तर हे सोपं जातं. बंदचं बटण त्याच्या बोटाने दाबून घ्या. आणि बंद झाल्याक्षणी पुढचं काम समोर हवं. मोकळ्या मिनिटातच लोळण सुरू होते.

दिवेलागण याला उत्तम. सातला साबांनी निरांजन लावायचं, टीव्ही त्याने बंद करायचा, शुभंकरोति, आणि लगेच साबुंनी पौराणिकचा कालचा भाग तोंडी सांगायचा, दहा-पंधरा मिनिटं. आठला मालिका लागेल तेव्हा तुम्ही मुलांना घेऊन आत जेवायला. नऊला झोप हवी असेल तर तसंही आठनंतर पडदा नको.

लोळलाच तर कोणी समजूत घालू नये, रागावूही नये. जवळ बसावं, लागू नये एवढं बघावं. रिमोट मात्र साबांच्या हाती नको, पिशवीत घालून कपाटात. एकदा दया येऊन टीव्ही लावला की पुढच्या वेळी तो जास्त वेळ लोळतो, कारण त्याला फळ मिळालेलं असतं.

---

ॲन्टेना

कास्ट: फोनवरून पाठवलेला व्हिडिओ फोनच्या खात्याने चालतो, टीव्हीवरची मुलाची प्रोफाइल बाजूला राहते. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असतात म्हणून टीव्ही साबांच्या फोनला दिसतो. राउटरमध्ये गेस्ट वायफाय (पाहुण्यांसाठीचं वेगळं) असेल तर टीव्ही मुख्यवर ठेवा आणि साबांचा फोन गेस्टवर घ्या. फोनमधलं मुख्य वायफाय "विसरा" करायला विसरू नका, नाहीतर फोन आपोआप तिकडे जातो. टीव्ही कोडने आधी जोडलेला असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमधून तो दुवाही काढून टाका. त्यांचं फोनवरचं बाकी सगळं तसंच चालेल.

हे करण्याआधी साबांना सांगा. न सांगता केलंत तर "फोन बिघडला" म्हणून त्या दुकानात जातील आणि दुकानदार दोन मिनिटांत सगळं पूर्ववत करून देईल.